सहाशे बारा दरवाजे

बैठक रविवारी सकाळी अकराला ठरली होती, आणि ताई साडेदहालाच कारखान्यात पोचली. फाटकावरच्या रखवालदाराने सलाम केला, पण नेहमीसारखं "साहेब आत आहेत" म्हणाला नाही. इथे तिचे दोन भाऊ, दोघंही साहेब. आज कोणाचं नाव घ्यावं, हे त्यालाही कळत नसावं.

वरच्या बैठकीच्या खोलीत अजून कोणी आलं नव्हतं. कोपऱ्यात वडिलांनी, अण्णांनी, बनवलेला पहिला आगरोधक दरवाजा मधोमध कापून उभा केलेला होता. पत्रा, खनिज लोकर, पुन्हा पत्रा. अण्णा गिऱ्हाइकांना त्यावर टकटक करायला लावायचे आणि म्हणायचे, "पलीकडे आग असली तरी एक तास तुम्ही अलीकडे चहा प्यायला मोकळे." गिऱ्हाईक हसायचं. अण्णांना जाऊन दीड वर्ष झालं होतं.

ताईने फाइल टेबलावर ठेवली, पण उघडली नाही. आत काय होतं ते तिला पाठ होतं.

तीस वर्षांच्या वकिलीत तिने एक वाक्य शेकडो जणांना ऐकवलं होतं. "मी कंपनीची वकील आहे, तुमची नाही. तुम्ही मला सांगाल ते कंपनीचं. कंपनीला वाटलं तर ती ते तपास अधिकाऱ्यांच्या हातात देऊ शकते." बँकेचे व्यवस्थापक, औषध कंपन्यांचे संचालक, जहाजांचे दलाल, सगळे तिच्या समोरच्या खुर्चीत बसून हे ऐकून गेले होते. शहाणे तिथेच थांबत आणि स्वतःचा वकील घेऊन येत. पण असे थोडे. बहुतेक जण बोलत सुटत. महिनोन्‌महिने मनात काही दाबून ठेवलेल्या माणसाला ऐकणारं कोणीतरी हवंच असतं. तिचं सगळं नाव त्या गरजेवर उभं होतं.

गुरुवारी त्याच खुर्चीत चिमणा बसला होता. शेंडेफळ म्हणून अण्णांनी ठेवलेलं नाव शेहेचाळिसाव्या वर्षीही सुटलं नव्हतं. कारखान्यातली चाचणी विभागाची जबाबदारी त्याची. ताईने वाक्य म्हटलं, आणि तो हसला.

"विमानात पट्टा बांधायला सांगतात ना, तसं म्हणालीस बघ."

"चिमण्या, मी खरंच सांगतेय. हवं तर आत्ता थांब. स्वतःचा वकील घेऊन ये."

"तू असताना?"

तिथे तिला फाइल मिटता आली असती. तिने पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाली, "बरं. मग सांग."

आणि त्याने सांगितलं. दीड वर्षापूर्वी चाचणीची भट्टी अकरा आठवडे बंद होती. माल अडून राहिला असता, म्हणून त्याने चाचणी न करताच प्रत्येक अहवालावर साठ मिनिटं लिहून सह्या केल्या. तेवढ्या काळात सहाशे बारा दरवाजे बाहेर गेले. भट्टी सुरू झाल्यावर त्याने त्याच मालातला एक दरवाजा आत लावून बघितला. थरांमधला नवा डिंक मऊ पडला आणि दरवाजा अडतिसाव्या मिनिटाला कोसळला.

"मग?"

"मग मी दादाला सांगितलं."

"कुठे?"

"हॉस्पिटलात. अण्णा आत होते तेव्हा. दादा म्हणाला, आत्ता नको, चिमण्या."

"आणि नंतर?"

"नंतर अण्णा गेले." चिमणा खाली बघत होता. "मी पुन्हा विषय काढला नाही. त्यानेही विचारलं नाही."

सहा आठवड्यांपूर्वी एका ऑफिसच्या इमारतीत आग लागली. चौथ्या मजल्यावर फरशी पुसणारी एक बाई अडकली. खालून कोणीतरी ओरडून तिला सांगितलं, दार लावून आत थांब, एक तास काही होत नाही. तिने ऐकलं. अग्निशमनवाले पन्नासाव्या मिनिटाला पोचले. दरवाजा त्याच्या आधीच पडला होता.

दुसऱ्या दिवशी आईने ताईला फोन केला होता. "घरात वकील असताना बाहेरच्यांसमोर कशाला जायचं?" ताईच्या भागीदार वकिलाने बजावलं होतं, ही केस घेऊ नकोस, रक्ताचं नातं आहे. तिने घेतली. आईसाठी घेतली असं ती सगळ्यांना सांगत असे. खरं म्हणजे ही केस आपल्यापेक्षा चांगली कोणी लढवणार नाही, असंच तिला वाटलं होतं.

* * *

सगळे बसले तेव्हा अकरा वाजून गेले होते. टेबलाच्या टोकाला आई, एका बाजूला दादा, समोर चिमणा आणि त्याच्या शेजारी त्याची बायको. ती शाळेत गणित शिकवायची आणि कारखान्यात तिचं पाऊल क्वचित पडायचं.

"ही संचालक नाही," दादा म्हणाला.

"बसू दे तिला," आई म्हणाली.

दादाने वाद घातला नाही. कारखाना तो चालवत होता, पण त्याच्याइतकाच तो आईचाही होता. ताई नोंदी वाचायला लागली, कोर्टात वाचते त्याच सपाट आवाजात. दादा ऐकत होता. भट्टी बंद, सह्या, अडतीस मिनिटं. पुढे काय येणार हे कळल्यावर त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला.

"'दादाला हॉस्पिटलात सांगितलं,'" ताईने वाचलं. "'तो म्हणाला, आत्ता नको.'"

दादाला तो दिवस मिनिटामिनिटाने आठवत होता. त्याच्या हातात डॉक्टरांनी दिलेला कागद होता. अण्णांचा श्वास यंत्रावर ठेवायचा की नाही, त्यावर थोरल्या मुलाची सही हवी होती. चिमणा कारखान्यातून तसाच आला होता, बुटांवर राख. तो अडतीस की काहीतरी म्हणत होता. दादाला वाटलं होतं, आज मला एकच आकडा कळतोय, बापाचं वय. त्या दिवसाबद्दल त्याला कोणीही दोष दिला नसता. पण त्यानंतर महिना गेला, मग दुसरा गेला, आणि त्याला ते आठवलं नाही असं कधीच झालं नव्हतं.

"मला असं काही आठवत नाही," तो म्हणाला.

चिमण्याने मान वर केली नाही. त्याच्या बायकोने मात्र दादाकडे असं बघितलं की त्याला चष्मा पुन्हा घालावा लागला.

"हे बघा," दादा पुढे बोलू लागला. "मी निर्दयी नाही. पण दोनशे चाळीस घरं या कारखान्यावर चालतात. चिमण्याने सह्या केल्या हे तो स्वतः कबूल करतोय. त्याचा जबाब आपण आपणहून तपास अधिकाऱ्यांना द्यायचा, त्याला पदावरून काढायचं, आणि कंपनी सहकार्य करतेय असं दाखवायचं. माझ्याबद्दलची ती एक ओळ तेवढी नको. वकीलबाई, मागच्या वर्षी त्या औषध कंपनीला तूच हे सांगितलंस ना? माणूस वेगळा काढा, कंपनी वाचवा. पेपरात फोटो आला होता तुझा."

"सांगितलं होतं," ताई म्हणाली.

"त्या माणसाचं काय झालं?" चिमण्याने विचारलं. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला होता.

"चार वर्षं."

"आणि कंपनीचं?"

"चालू आहे."

चिमण्याने मान हलवली, जणू एखाद्या गिऱ्हाइकाने रंग कळवला आणि त्याने लिहून घेतला.

"ताई, मला एक विचारायचंय," त्याची बायको म्हणाली. "गुरुवारी तुम्ही ह्यांना बोलावलंत, ते वकील म्हणून की बहीण म्हणून?"

"वकील म्हणून. मी त्याला तसं सांगितलं होतं."

"घरी येऊन हे काय म्हणाले माहितीये? म्हणाले, ताईला सगळं सांगून टाकलं, आता हलकं वाटतंय. सहा आठवड्यांत पहिल्यांदा ताटातलं सगळं जेवले." तिचा आवाज वर गेला नाही. "मी वेडी, मला पण बरं वाटलं."

कोर्टात असा प्रश्न आला असता तर ताईने हरकत घेतली असती.

"राहू दे," चिमणा बायकोला म्हणाला. मग दादाकडे न बघताच, "ती ओळ काढा. मी म्हणेन, माझी चूक झाली, मी कोणालाच सांगितलं नव्हतं. दोघंही गेलो तर कारखाना कोण बघणार?"

दादाचे डोळे भरून आले, आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली, कारण त्यातले निम्मे अश्रू सुटकेचे होते.

* * *

आईला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. मुलांनी तिच्या उजव्या बाजूला बसून बोलायची सवय लावून घेतली होती, आणि तिला कमी कळतं असंही हळूहळू धरून चालायला लागली होती. ब्याऐंशीव्या वर्षी ती समजूत सोयीची होती. तिने कधी मोडली नव्हती.

"मी तिथे होते," ती म्हणाली.

"कुठे, आई?"

"हॉस्पिटलात. बाकावर. तुम्हाला वाटलं मी डोळे मिटून बसलेय. चिमणा तुला काहीतरी सांगत होता आणि तू हात आडवा धरून त्याला थांबवलंस."

दादाने चष्मा पुन्हा काढला.

"मला वाटलं, अण्णांचंच काहीतरी असेल. डॉक्टर वाईट बोलले असतील आणि तुम्ही माझ्यापासून लपवताय. म्हणून विचारलं नाही मी." तिने पदर सारखा केला. "तुम्ही मला जपताय असं वाटलं. इतके दिवस त्याचं कौतुक होतं मला."

आईला त्या दिवसाचं आणखीही आठवत होतं. ताई तिथे नव्हती. तिचा एका मोठ्या केसमध्ये शेवटचा युक्तिवाद होता, आणि ती पोचली तेव्हा अण्णांच्या चेहऱ्यावर चादर ओढलेली होती. लेकीने ती केस जिंकली होती. ते आईने कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि आजही दाखवणार नव्हती. तिला दुसरंच काही विचारायचं होतं.

"त्या सहाशे बारांमधला एक जळला. बाकीचे कुठे आहेत?"

दादाने ताईकडे बघितलं. उत्तर चिमण्याने दिलं. "जिथे बसवले तिथेच. दोन शाळा, एक प्रसूतिगृह. बाकी सगळी ऑफिसं."

"तिथेच? अजून?"

"आई, ते परत मागवता येत नाहीत," दादा म्हणाला. "ती कबुली दिल्यासारखं होईल. ताईनेच पहिल्या आठवड्यात लिहून दिलंय."

आईने लेकीकडे मान वळवली. ताईने फाइलमधून पत्र काढलं. न वाचता सांगता आलं असतं, तरी वाचलं. "'चौकशी पूर्ण होईपर्यंत माल परत मागवण्याचं कोणतंही पाऊल उचलू नये.' तेव्हा मला अडतीस मिनिटांचं माहीत नव्हतं, आई."

"विचारलं होतंस?"

"नाही."

"कळलं कधी?"

"गुरुवारी."

"आज रविवार. तीन दिवस काय केलंस?"

ताईने पत्र परत फाइलमध्ये ठेवलं.

"नोंदी टाइप करून घेतल्या," ती म्हणाली.

आईने डोळे मिटले. त्या लेकराने शाळेत पहिला नंबर काढला की अण्णा सगळ्या कारखान्याला सांगत फिरायचे. तिला जवळ घ्यावं असंही वाटलं, आणि एक ठेवून द्यावी असंही.

"लिहून घे," ती म्हणाली. "उद्यापासून दरवाजे उतरवायचे. आधी शाळा आणि प्रसूतिगृह. बदलून होत नाहीत तोवर तिथल्या लोकांना खरं सांगायचं, आपल्या तोंडाने. आणि जबाब पुरा द्यायचा. एक ओळ गाळायची नाही."

"आई," दादाचा आवाज फाटला. "मलाही पाठवतेस?"

"तो लहान आहे म्हणून एकटा जाईल?" ती म्हणाली, आणि मग इतका वेळ आवरलेलं रडू तिला आवरलं नाही. "दोन्ही माझेच आहेत रे. मी काय आवडीने बोलतेय?"

चिमण्याने आईच्या ठरावाच्या बाजूने हात वर केला. दादाने हात वर केला नाही, पण टेबलावरचा कोरा कागद स्वतःकडे ओढला आणि शाळांचे पत्ते चिमण्याला विचारून लिहायला सुरुवात केली.

* * *

पत्ते लिहून झाल्यावर ताई उभी राहिली.

"अजून एक आहे. उद्या सकाळी मी वकीलपत्र सोडतेय. माझं ते पत्र आता पुरावा आहे. मला साक्षीदार म्हणून बोलावतील, आणि बोलावलं तर मी खरं सांगणार." तिने दोघा भावांकडे आळीपाळीने बघितलं. "कंपनीला नवा वकील लागेल. तुम्हा दोघांनाही लागेल, आणि वेगवेगळा. एकाच्या बचावात दुसरा अडकतो. आणि आजपासून तुम्ही दोघांनी या विषयावर एकमेकांशी एक शब्दही बोलायचा नाही. साक्ष जुळवली असं म्हणतील."

"एकाच घरात राहतात दोघं," आई म्हणाली. "वर एक, खाली एक."

"तरीसुद्धा."

"माझ्यासाठी चांगला वकील सांग," चिमणा म्हणाला. "महागडा कोट घालणारा नको."

तिने एक नंबर लिहून दिला. त्या म्हाताऱ्या वकिलाशी ती वीस वर्षं भांडत आली होती. त्याने तिला तीनदा हरवलं होतं, आणि तिच्याबद्दल तो काय बोलतो हेही तिच्या कानावर यायचं. चिमण्याने तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून खोकल्याचा आवाज आला आणि ताई दारातच थांबली. शेवटी तो म्हाताराच फोनवर म्हणाला, "तुमची बहीण तिथे आहे का? असली तर तिला बाहेर जायला सांगा. पुढचं फक्त आपल्या दोघांचं." फोनचा आवाज मोठा होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

"तो बरोबर सांगतोय," ताई म्हणाली आणि बाहेर पडली.

पुढे काय झालं ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. दरवाजे उतरवायला नऊ आठवडे लागले. प्रसूतिगृहाच्या मुख्य डॉक्टरबाईंनी दादाला तासभर उभं करून ऐकवलं, आणि तो ऐकत राहिला. चिमण्याला तीन वर्षांची शिक्षा झाली, दादाला दीड. कारखान्यातली निम्मी माणसं गेली, निम्म्यांच्या जोरावर चिमण्याच्या बायकोने शाळा सोडून तो चालवला. मेलेल्या बाईचा नवरा निकालाच्या दिवशी आला होता. ताई त्याच्यापाशी गेली. काय बोलायचं ते ठरवून गेली होती, पण त्याने हात जोडून तिला बोलू नका म्हणून सांगितलं. पुन्हा कोणत्याही कंपनीचं वकीलपत्र तिने घेतलं नाही.

पण त्या रविवारी दुपारी ती फक्त जिना उतरून खाली आली. अंगणात माल चढवायचा सिमेंटचा ओटा होता. तिच्या मागोमाग दादाही मागच्या जिन्याने उतरला आणि तिथे येऊन बसला, कोट मांडीवर घेऊन. तिने त्याच्यासाठीही एक नंबर लिहिला आणि त्याच्या हातात दिला. त्याने न बघताच खिशात ठेवला.

"अण्णा असते तर?" त्याने विचारलं.

"माहीत नाही रे."

थोड्या वेळाने चिमणा खाली आला. ओट्याजवळ येऊन थबकला. दादा बसल्या जागी बाजूला सरकला, लहानपणी अण्णांच्या टेम्पोत त्याला जागा करून द्यायचा तसा. चिमणा बसला. दोघांचे खांदे एकमेकांना टेकले. दादाचे ओठ हलले.

"दादा," ताईने टोकलं. आवाज वकिलाचा होता. "सांगितलंय मी. नको."

दादाने तोंड मिटलं. चिमणा आपल्या पंजांकडे बघत राहिला. त्या दोघांना असं बसलेलं बघणं तिला सहन होईना. ते दोघं काही बोलले का, असं उद्या कोणी शपथेवर विचारलं, तर तिला खोटं बोलता येणार नव्हतं. तिने पर्स खांद्याला अडकवली आणि चालायला लागली, फाटकापर्यंत, फाटकाबाहेर, रस्ता ओलांडून पलीकडे. तिथून त्यांचं काही ऐकू येत नाही याची खात्री पटल्यावर ती त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली.